मोहाखालचे पैसे

नाणं जमिनीतून निघालं तेव्हा ऊन अजून झाडांच्या शेंड्यांवरच होतं. दादाच्या शेताच्या वरच्या अंगाला मोहाची राई आहे. तिथे भाचा गुडघे टेकून बोटांनी माती मोकळी करत होता आणि मी, वहिनी, गडी, गड्याची दोन पोरं असे सगळे त्याच्याभोवती वाकून उभे होतो. त्याने तळहातावर घेऊन हलकेच फुंकर मारली. गड्याने विचारलं, "सोन्याचं व्हय का जी?" वहिनीने विचारलं, किती जुनं असेल. पोरांना विकलं तर किती येतील ते हवं होतं. तेवढ्यात मोह वेचायला आलेली एक म्हातारी टोपली खाली ठेवून जवळ आली. नाणं डोळ्यांशी नेऊन तिने उलटसुलट पाहिलं आणि म्हणाली, "कोन्या बाईचा व्हय हा पैसा?" कोणीच काही बोललं नाही. तिने नाणं भाच्याच्या हातावर परत ठेवलं, टोपली उचलली आणि पुढच्या झाडाखाली गेली. संध्याकाळी उमरेड रस्त्याने नागपूरला परतताना गाडीत भाचा नाण्याचं वर्ष, वजन, टांकसाळ असं काय काय सांगत होता. माझ्या डोक्यात मात्र म्हातारीचा प्रश्नच फिरत राहिला. नाणं कोणत्या काळातलं, हे आम्ही सगळे विचारत होतो. ते कोणाच्या हातून पडलं हे विचारणारी ती एकटीच होती, आणि ती बाईच असणार हे तिने धरूनच चाललं होतं.

भाचा इंग्लंडला नोकरीला आहे. तिकडे सुट्टीच्या दिवशी मेटल डिटेक्टर घेऊन शेतांतून फिरायचा नाद त्याला लागला. शेतमालकाची परवानगी घ्यायची, कापणी झालेल्या रानातून दिवसभर चालायचं, सापडेल त्याची नोंद करायची. तिथे १९९६ साली निधीविषयी नवा कायदा झाला आणि पुढच्याच वर्षी अशा सापडलेल्या वस्तू नोंदवण्याची एक सरकारी योजना सुरू झाली. आता तिच्यात पंधरा लाखांच्या वर नोंदी आहेत. बहुतेक नोंदी तुमच्याआमच्यासारख्या हौशी लोकांच्या आहेत. कुठे रोमन नाणं, कुठे बटण, कुठे बंदुकीची शिशाची गोळी, आणि प्रत्येकासमोर जागा लिहिलेली. भाचा हे सांगतो तेव्हा त्याचा आवाज बदलतो. होळीला गावी यायचं ठरलं तेव्हा सामानात त्याने ते यंत्र आणलं. दादा आधी नाहीच म्हणत होता. शेवटी तीन गोष्टी ठरल्या. आपल्या सातबाऱ्यावरच्या जमिनीबाहेर पाऊल टाकायचं नाही. वनखात्याच्या हद्दीच्या मुनाऱ्यापलीकडे, साग दिसला, पायवाट दिसली, तरी जायचं नाही. ते राखीव जंगल आहे, तिथे खुरपं लावणंसुद्धा गुन्हा. आणि खड्डा केला की लगेच बुजवायचा, मोहाच्या मुळाला धक्का न लावता.

राई म्हटलं तरी ती काही लावलेली बाग नाही. शेताची वरची कड मुरमाड आहे, तिथे नांगर धड चालत नाही, म्हणून आजोबांच्या आधीपासून ती तशीच राहिली. मोहाची मोठी झाडं, मधे तेंदू, धावडा, चारोळी, कडेला पळस. होळीच्या सुमारास पळस पेटलेला असतो आणि मोह गळायला लागलेला असतो. मोहाच्या फुलांचा वास सकाळी गोड वाटतो, दहा वाजेपर्यंत डोक्यात चढतो. खालचा पाचोळा लोटून किंवा जाळून जमीन मोकळी केलेली असते, फुलं उचलायला सोपं जावं म्हणून. राखेचा वास, फुलांचा वास, आणि त्यात मधूनच यंत्राचा आवाज. पहिल्या दिवशी मला तो आवाज सहन होईना. नंतर मी त्याचीच वाट पाहू लागले.

यंत्राच्या चकतीत तारेचं वेटोळं असतं. त्यातून वीज सोडली की खालच्या जमिनीत चुंबकीय क्षेत्र तयार होतं. तिथे धातू असेल तर त्यात भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात आणि त्यांचं स्वतःचं क्षेत्र उलट वर येतं, पण किंचित उशिराने. तांब्याचा उशीर वेगळा, लोखंडाचा वेगळा, ॲल्युमिनियमचा वेगळा. यंत्र तो फरक आवाजात बदलतं. इतकं ऐकल्यावर मला वाटलं, मग सोपं आहे. पण आपली जमीन इंग्लंडची नाही. दख्खनच्या बेसाल्टपासून झालेल्या काळ्या मातीत लोहाचे कण इतके की खाली काही नसतानाही यंत्र कुरकुरत राहतं. भाचा चकती वरखाली करून यंत्राला आधी माती ओळखायला लावायचा, मगच पुढे जायचा. तरीही पहिले आवाज सगळे लोखंडाचे. बैलाच्या खुरातून निसटलेली पत्री, बंडीच्या चाकाच्या धावेचा तुकडा, खिळे, विळ्याचं टोक. त्यानंतर बाटल्यांची बुचं, ती भरपूर. मग एखादा आवाज असा यायचा की तो ऐकताच भाचा थांबायचा, चकती आडवी फिरवायचा, उभी फिरवायचा. उंच, गोल, दोन्ही बाजूंनी सारखाच लागणारा. तो तांब्याचा.

असे आवाज त्या राईत बरेच निघाले. ॲल्युमिनियमचे पैसे निघाले, ते माझ्या ओळखीचे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला मधे भोक असलेला पैसा निघाला. तांबं वाचवायला सरकारने १९४३ पासून तो पाडला होता आणि पोरी तो दोऱ्यात ओवायच्या, असं आईच्या तोंडून ऐकलं होतं. एक जाड, ओबडधोबड, धड गोलही नसलेला तांब्याचा ढब्बू निघाला. त्यावर फारसी अक्षरांचे अर्धेमुर्धे फराटे आहेत, कारण ठसा मोठा आणि तुकडा लहान, अक्षरं कडेबाहेर गेलेली. मराठ्यांच्या टांकसाळींतून मोगल बादशहाच्या नावाने अशी नाणी पडत. ओळखीच्या एका जाणकारांनी ते हातात घेऊन भोसल्यांच्या काळातलं असावं, इतकंच म्हटलं. आणि म्हातारीने पाहिलं ते हे, पाव आण्याचं. एका बाजूला मुकुट घातलेली राणी, डावीकडे तोंड, भोवती 'व्हिक्टोरिया एम्प्रेस'. १८७७ च्या आधीच्या नाण्यांवर ती 'क्वीन' असते. दुसऱ्या बाजूला वेलबुट्टीच्या आत किंमत, देश आणि साल, १८९७. सगळं इंग्रजीत. ज्यांनी तो पैसा हातात धरला, कनवटीला लावला, त्यांतल्या जवळजवळ कोणालाही त्यावरचं एक अक्षर वाचता येत नव्हतं. राणीच्या गालावर हिरवट थर चढला आहे, पण केसांची वळणं अजून बोटाला लागतात. कडेला एका ठिकाणी बारीक चपटा खड्डा आहे, नांगराचा किंवा कुदळीचा नाही, त्याहून जुना आणि गुळगुळीत झालेला. जमिनीत जाण्याआधीच तो तिथे होता. कोणीतरी ते दगडावर आपटून खरंखोटं केलं असेल.

वजन साडेसहा ग्रॅमच्या आसपास. हातात घेतल्यावर जड वाटतं.

नाण्यांच्या वजनाची सवय माझ्या हाताला आहे. मी आयुष्यभर बँकेत होते, त्यातली कितीतरी वर्षं कॅश काउंटरवर. नाणी मोजली की बोटांची पेरं काळी पडतात आणि साबणाने धुतली तरी तो वास दुपारच्या डब्यापर्यंत येतो. २०११ च्या जूनअखेर पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी चलनातून गेली. त्या महिन्यात लोक डबे घेऊन आले. बिस्किटांचे, दुधाच्या पावडरीचे, देवघरातले. एका बाईंनी लुगड्याच्या चिंधीत बांधून आणली होती, गाठ इतकी घट्ट की सोडायला कात्री लागली. मुदत संपल्यावरही काही जण आले. त्यांना नाणी परत द्यावी लागली, आणि परत घेताना त्यांचे चेहरे पाहवत नसत. रक्कम शंभर रुपयांचीसुद्धा नसायची. तरी त्यामागे किती वर्षांचं वाचवणं होतं हे त्या गाठीवरून कळायचं. १९५७ च्या एप्रिलमध्ये दशमान पैसे आले तेव्हाही असंच झालं असणार. चौसष्ट पैशांचा रुपया एका दिवसात शंभर नव्या पैशांचा झाला. बाजारात हिशोब घालताना किती म्हाताऱ्या माणसांना आपण फसवले जातोय असं वाटलं असेल.

गावात मात्र कोणी हिशोबाचं बोललं नाही. गाव बोललं हंड्याचं. यंत्र राईत फिरतंय ही बातमी दुसऱ्याच दिवशी बसस्टॉपवरच्या चहाच्या टपरीपर्यंत पोचली. संध्याकाळी एक गृहस्थ बंगईवर येऊन बसले, पाऊस, तूर, मिरचीचा भाव असं सगळं बोलून झाल्यावर हळूच म्हणाले, "काही लागलं म्हने?" दादा हसला नाही. तो उठून आत गेला. मला त्याचं कारण माहीत होतं.

दादा पायाळू आहे. जन्मताना पाय आधी आले. पायाळू माणसाच्या डोळ्यात अंजन घातलं की त्याला जमिनीतलं गुप्तधन दिसतं, ही समजूत आपल्याकडे सगळीकडे होती आणि पूर्ण गेलेली नाही. आजीने ही गोष्ट घराबाहेर जाऊ दिली नव्हती. तरी ती गेलीच. दादा सहा-सात वर्षांचा असताना दूरच्या गावची दोन माणसं त्याला एका रात्रीपुरतं मागायला आली होती. नवं धोतर देऊ, पेढे देऊ, सकाळी परत आणून सोडू. आजीने त्यांना ओट्यावरूनच हाकललं आणि त्यानंतर दादा मोठा होईपर्यंत तिने त्याला एकट्याने शेतात पाठवलं नाही. अंधार पडायच्या आत तो घरात नसला की ती दारात उभी राहून हाका मारायची. तिच्या त्या हाका माझ्या कानात अजून आहेत. लहानपणी मला वाटायचं, ती त्याचे जास्त लाड करते. त्या भीतीचं नाव मला पुढे वर्तमानपत्रांतून कळलं. गुप्तधनासाठी पोरांचा बळी दिल्याच्या बातम्या आपल्याच राज्यातल्या असत. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला त्याच २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला आणि गुप्तधनाच्या नावाखाली केली जाणारी अघोरी कृत्यं त्यात गुन्हा म्हणून स्पष्ट लिहिली गेली. मला तो दिवस आजीसाठी हवा होता. ती तेव्हा नव्हती.

म्हणून "पायाळूच्या शेतात मशीन आली" असं कोणी म्हटलं की दादाच्या कपाळावरची शीर उठते. भाच्याला हे काही ठाऊक नव्हतं. त्या रात्री मी त्याला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला. दुसऱ्या दिवशी त्याने टपरीवरच जाऊन सापडलेलं सगळं कागदावर मांडून दाखवलं. पत्र्या, बुचं, पैसे. लोकांनी बघितलं, हात लावला, एकेकाने "आमच्या बापाजवळ असाच होता" म्हटलं आणि गप्पा तिकडे वळल्या. ते त्याने फार चांगलं केलं.

हंडा पुरलेला असतो आणि पैसा पडलेला असतो. या दोघांत मला आता फार मोठं अंतर दिसतं. हंडा पुरणाऱ्याने जागा निवडलेली असते, दिवस निवडलेला असतो, परत येऊन काढायचा त्याचा बेत असतो. हंडे इतिहासाला पुष्कळ देतात, हे नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. १९३९ साली वऱ्हाडात तऱ्हाळ्याला सातवाहनांच्या नाण्यांचा साठा मिळाला, दीड हजाराहून जास्त नाणी. आपल्या नागपूरच्या वा. वि. मिराशींनी ती वाचली, आणि पुराणांच्या यादीत नसलेले कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी असे राजे पुढे आले. एका मडक्याने राजघराण्यात राजे वाढवले. अजब बंगल्यातली काचेमागची नाणी मी शाळेच्या सहलीत पहिल्यांदा पाहिली. १८६३ पासूनचं ते संग्रहालय, उंच छत, थंड फरशी, आणि रांगेत मांडलेले चांदीचे तुकडे, खाली राजांची नावं. तेव्हापासून जुनं नाणं म्हटलं की मला राजाच आठवायचा. एकेकटं सांडलेलं नाणं राजाविषयी नवीन काहीच सांगत नाही. व्हिक्टोरियाचा तांब्याचा पैसा अमाप पाडला गेला, इतवारीच्या बाजारात त्याला फारशी किंमतही येत नाही. ते सांगतं फक्त एवढंच, की इथे, या झाडाखाली, कोणाच्या तरी अंगावरून ते सुटलं आणि त्या माणसाला ते पुन्हा मिळालं नाही.

कोण असेल, याचा विचार मी साल धरून करायला लागले. १८९७. मध्य प्रांतात १८९६-९७ चा मोठा दुष्काळ, आणि तो सरतो न सरतो तोच १८९९-१९०० चा, ज्याला लोक छप्पन्या म्हणत. दुष्काळात मोहाची फुलं वाळवून, उकडून खाऊन माणसं जगली. अशा वर्षी या राईत कोणी आलं असेल तर ते फुलांसाठीच. मग त्या बाईचा पैसा हरवला असेल तर तिच्या घरी त्या दिवशी काय झालं असेल? रात्री मला झोप लागली नाही. पण भाच्याने मला तिथेच थांबवलं, आणि त्याचं बरोबर होतं. नाण्यावरचं साल फक्त एवढं सांगतं की ते त्याच्या आधी हरवलेलं नाही. व्हिक्टोरियाचे पैसे पुढे कितीतरी वर्षं हातोहाती फिरत होते. ते १८९८ मध्ये पडलेलं असू शकतं, १९२० मध्ये, स्वातंत्र्यानंतरही. खोलीवरूनही काही ठरत नाही. खालच्या काळ्या रानात तर मुळीच नाही. उन्हाळ्यात त्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आज पडलेली वस्तू भेगेतून फूटभर खाली जाते, पावसात माती फुगून भेग मिटते आणि जुनं-नवं एकत्र होतं. राईतल्या मुरमात भेगा नाहीत, तिथे मुळं आहेत. मुळं वस्तू ढकलतात. त्या पैशाला मुळाचं एक बारीक तंतूंचं जाळं चिकटलेलं होतं.

शेवटी मी म्हातारीकडेच गेले. ती पहाटेच आलेली होती, अर्धी टोपली भरली होती. मीही तिच्या बाजूला बसून फुलं वेचायला लागले. मोहाचं फूल फार नाजूक, बोटाने जोरात धरलं तर रस सुटतो आणि बोटं चिकट होतात. थोड्या वेळाने मी विचारलं, आजी, बाईचाच पैसा कशावरून म्हणालात? तिने वेचणं थांबवलं नाही. "इथं कोन येते मंग? माणसं येत नव्हते मोह वेचाले. बायाच येवो, पोरी येवो, पायटीच, अंधारात. घरी पैसा ठेवाले जागा कुठं? सासूच्या हाती लागे. म्हून पदराले गाठ मारू. दिसभर वाकूनच काम. वाकलं का गाठ ढिली होये." मग ती थांबली, पाठीला हात लावून सरळ झाली. "माहाच गेला होता. लग्न होऊन आली तवा. मायनं देल्ला होता, बाजारात बांगड्या घालजो म्हनून. सांजच्याले गाठ पाह्यली तं नाही. पुरा पाचोळा उलथला. सासूले सांगता येईना, कारन सासूले ठावच नव्हतं पैसा हाये म्हून." मी विचारलं, कुठे गेला होता? ती म्हणाली, "आता कोन सांगते बाई. तवा झाडंबी लहान होते."

मी घाईने हिशोब केला. तिचं वय ऐंशीच्या पुढे. लहान वयात लग्न, आण्यांचे दिवस. होऊ शकतं. मी नाणं पुढे केलं तर तिने हात मागे घेतला आणि मान हलवली. "तो असाच होता. हाच व्हय का दुसरीचा व्हय, कशी सांगू? दुसरीचा असला तं?" ती दुसरी बाई कधीच मेलेली असणार. तरी तिच्या हक्काची तिने काळजी घेतली. मला त्या क्षणी काय वाटलं ते नीट लिहिता येत नाही. तिच्याविषयी अतिशय आदर वाटला, आणि त्या बांगड्या तिने कधी घातल्या की नाही हे विचारायचं धैर्य झालं नाही.

त्या दिवसानंतर आम्ही काम बदललं. भाचा प्रत्येक नाण्याची जागा मोबाइलवर टिपत होताच, आता आम्ही झाडाचं नावही लिहायला लागलो. झाडांना नावं आहेत, वेचणाऱ्या बायकांना ती पाठ आहेत. जोडमोह, वाकडा मोह, मधमाश्याचा मोह, सवतीचा मोह. कागदावर खुणा मांडल्यावर दिसलं की पैसे राईभर विखुरलेले नाहीत. खोडाला लागून एकही नाही, आणि दोन झाडांच्या मधल्या मोकळ्या जागेतही फार थोडे. जवळजवळ सगळे फांद्यांच्या सावलीच्या कडेने, जिथे फुलांचा सडा सर्वांत दाट पडतो तिथे. म्हणजे जिथे माणूस सर्वांत जास्त वेळ वाकतं तिथे. जाड ढब्बू मात्र वेगळा, नाल्याकडे उतरणाऱ्या जुन्या बंडीवाटेवर, पत्र्या आणि धावेचे तुकडे मिळाले त्या ओळीत. एखादं नाणं जागेवरून उचलून डब्यात टाकलं असतं तर यातलं काहीही उरलं नसतं.

भाच्याला परत जाताना तो १८९७ चा पैसा बरोबर न्यायचा होता. त्याने काढला, त्याच्या वडिलांच्या जमिनीतून निघाला, त्याच्यावर राणीही तिकडचीच. पण शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरतं आणि पुरावस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. मी सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा पडला. तो आमच्या घरातून गेला, शिकायला, कमवायला, आणि आता या मातीतली एक साडेसहा ग्रॅमची वस्तूही त्याला सोबत नेता येत नाही. मला वाईट वाटलं. तरी मी कायद्याच्याच बाजूची आहे. आपल्या मंदिरांतून मूर्ती कशा गेल्या ते आपण पाहिलंय. दुसरा कायदा त्याहून जुना, १८७८ चा निखात निधीचा. जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त मोलाचं काही सापडलं तर काय, कुठे, कधी मिळालं ते कलेक्टरला लेखी कळवायचं. दहा रुपयांची ती मर्यादा तशीच आहे. पडलेले पैसे म्हणजे दडवलेला निधी होतो का, यावर दादा आणि भाचा रात्री उशिरापर्यंत वाद घालत होते. मी म्हटलं, कळवून टाकू. नकाशासकट अर्ज लिहिला, प्रत्येक नाण्याचा फोटो लावला, आणि पोचपावती घेतली.

घाई यासाठी केली, की आमच्या पश्चिमेची टेकडी गेली. उमरेड रस्ता रुंद झाला, बाजूने लेआउट पडत चालले, त्यांना मुरूम लागतो. मागच्या उन्हाळ्यात तिथे जेसीबी लागला आणि पावसाळ्याच्या आत टेकडीचा खड्डा झाला. त्या टेकडीवरही मोह होते, तिथेही बायका वेचायला जात. तिथला मुरूम आता कुठल्या तरी प्लॉटखाली दाबून बसला आहे, आणि त्यात कोणाच्या गाठीचे पैसे असतील तर ते कोणत्याच झाडाचे राहिलेले नाहीत. टेकडी ज्याची होती त्याला मी दोष देत नाही, त्याच्या मुलीचं लग्न त्यावर झालं. पण खोदायच्या आधी आठ दिवस कोणी तिथे नुसतं फिरलं असतं, बायकांना विचारलं असतं, चार खुणा कागदावर केल्या असत्या, तर काय बिघडलं असतं असं मनात येतंच.

म्हातारी म्हणते, जुना बाजार नाल्याच्या पलीकडे आंब्याखाली भरायचा आणि बांगडीवाला तिथेच बसायचा. राईतून बायका थेट तिकडे उतरायच्या. ती जमीन आमची नाही. दादा तिच्या मालकाशी बोलला आहे. तो म्हणाला, या, पण पेरणीच्या आत या. भाच्याने मे महिन्याची सुट्टी टाकली आहे. त्याआधी मी गावातल्या म्हाताऱ्या बायकांकडे जाऊन बसणार आहे, वही घेऊन. बाजार कोणत्या वारी भरायचा इथूनच मतभेद आहेत. एक बुधवार म्हणते, दुसरी शनिवार.